अष्टकोनी मोटारीचा जनक : सेसिल किंबर

हालोलच्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या बडोदेकरांना अष्टकोनात बसविलेली एम आणि जी ही दोन अक्षरे आता सवयीची झाली आहेत. शांघायच्या एका कंपनीने 2017 साली तेथील मोटारींचा जुना कारखाना घेतला आणि 2019 पासून त्या मुद्रेच्या गाड्या तेथून बाहेर पडू लागल्या. ही अक्षरे मूळची 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डमधल्या पेढीची. त्या पेढीचा मालक विल्यम मॉरिस, म्हणजे पुढचा लॉर्ड नफिल्ड, याचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या दोन अक्षरांना ज्याने अर्थ दिला तो सेसिल किंबर मात्र तेथला पगारी व्यवस्थापक. मी दरबारी गवयाचा मुलगा. दुसऱ्याच्या पदरी राहून आपले काहीतरी उभे करणाऱ्या माणसांविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे. किंबरचे चरित्र मी त्याच ओढीने वाचले.

किंबरचा जन्म 12 एप्रिल 1888 रोजी लंडनला झाला. वडिलांचा छपाईच्या शाईचा धंदा होता आणि मुलाने त्यातच पडावे हे ठरल्यासारखे होते. पण पोराचा जीव फटफटीत अडकलेला. तरुणपणी एका मित्राची फटफटी चालविताना अपघात झाला, उजवा पाय कायमचा अधू झाला आणि पुढे जन्मभर तो लंगडतच चालला. दुसरा कोणी असता तर यंत्राच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. याने दुचाकी सोडून चारचाकी घेतली, एवढाच फरक पडला. 1914 साली घरचा धंदा सोडून तो मोटारीच्या कारखान्यात शिरला. पुढे दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या झाल्या. एका कंपनीत त्याने स्वतःची पुंजी गुंतविली आणि ती बुडाली. 1921 साली तो मॉरिस गॅरेजेसमध्ये विक्रीखात्यावर आला, तेव्हा हातात फारसे काही नव्हते. दुसऱ्याच वर्षी व्यवस्थापकाची जागा त्याच्याकडे आली.

मॉरिसची गाडी म्हणजे मध्यमवर्गाची साधी, विश्वासू गाडी. किंबरने तिचाच सांगाडा घेतला, कमानी बदलल्या, दांडा कलता केला आणि त्यावर हलका, देखणा साज चढविला. त्याची पत्नी आयरीन हिची नजर चांगली होती व या आकृत्यांत तिचाही हात होता. घराण्याची चीज तीच, पण गायकाने जागा बदलताच ती नवी वाटावी, तसा हा प्रकार. स्वतः इंजिने घडविणारा इंजिनिअर तो नव्हता. प्रमाण कशाचे किती असावे, हे त्याला उपजत कळत असे, आणि माझ्या मते कलावंताजवळ हेच दुर्मिळ असते.

1925 च्या ईस्टरमध्ये त्याने दीड लिटरच्या इंजिनाची एक सडपातळ दोन आसनी गाडी तयार केली आणि ती घेऊन लंडन ते लँड्स एंड या 'ट्रायल'मध्ये उतरला. ट्रायल म्हणजे वेगाची शर्यत नव्हे. रात्रभर मोटार चालवायची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या नाक्यावर पोचायचे, आणि वाटेत डेव्हन-कॉर्नवॉलचे दगडधोंड्यांचे, चिखलाचे उभे चढ न थांबता चढायचे. चाक फिरत राहिले पण गाडी थांबली, तर गुण गेले. किंबरने एकही गुण न गमावता सुवर्णपदक मिळविले. नंतर ती गाडी त्याने एका परिचिताला 300 पौंडांना विकून टाकली. काही वर्षांनी ती भंगारात सापडली आणि कंपनीने 15 पौंडांना परत घेतली! आज ती गेडनच्या मोटार-संग्रहालयात 'ओल्ड नंबर वन' या नावाने मिरविते. वास्तविक एम.जी. मुद्रेच्या गाड्या त्याआधीच विकल्या गेल्या होत्या, तेव्हा 'नंबर वन' हे बिरुद जाहिरातवाल्यांचे. पण बिरुदे आपल्याकडे तरी कोठे मोजूनमापून देतात?

किंबरची खरी कमाई म्हणजे 'मिजेट'. मॉरिस मायनरचे 847 सी.सी.चे इंजिन, प्लायवूडवर कापड ताणून केलेला साज, होडीसारखे निमुळते शेपूट, आणि किंमत 175 पौंड. तोवर स्पोर्ट्स कार म्हणजे जहागिरदारांची आणि लक्षाधीशांची मिजास होती. 1929 पासून कारकून, शिक्षक, तरुण डॉक्टर असले लोक ती घेऊ लागले. तीन हजारांवर मिजेट खपल्या. त्याच सुमारास कारखाना ॲबिंग्डनला, एका कातडी कारखान्याच्या रिकाम्या भागात गेला.

आता ही माणसे गाडी घेऊन करणार काय? रोज कचेरीत जायला एवढी ऐट लागत नाही. 1930 च्या शरद ऋतूत एका मोटारविषयक साप्ताहिकात एका वाचकाचे पत्र आले, की एम.जी.वाल्यांनी एकत्र यावे. 12 ऑक्टोबरला स्टीव्हनेजजवळच्या रोबक नावाच्या खाणावळीपुढे मिजेटची रांग लागली आणि एम.जी. कार क्लब जन्मला. हिशेबनिसाचे काम शिकणारा जॉन थॉर्नली नावाचा 21 वर्षांचा पोरगा त्याचा मानद चिटणीस झाला. असल्या मंडळींकडे कारखानदार सहसा गिऱ्हाइकांची कटकट म्हणून पाहतात. किंबरने त्यांना जवळ केले, आणि 1931 मध्ये त्या थॉर्नलीलाच कारखान्यात नोकरी दिली.

या क्लबांचे सामाजिक जीवन मोठे मौजेचे असते. रविवारी नकाशा घेऊन निघायचे. शेजारी बसलेल्याने वाट सांगायची आणि ती चुकली की चालविणाऱ्याने त्याच्यावर ओरडायचे. शेवटी एखाद्या खेड्यातल्या खाणावळीपाशी सर्वांनी जमायचे. मैदानात खुंट्या रोवून त्यांमधून गाडी नागमोडी काढण्याच्या खेळाला 'जिमखाना' म्हणतात; हा शब्द आपल्याच देशातून तिकडे गेलेला! दर महिन्याच्या गप्पांच्या बैठकीला 'नॅटर' म्हणतात. कोणाच्या गाडीचा कार्बुरेटर रुसला, कोणी कोणता सुटा भाग कोठल्या अडगळीतून पैदा केला, हे तेथले रागदारीचे विषय. मोठ्या कंपन्या जाहिरातीवर पैसा ओतीत असता किंबरला हे कळले होते, की जाणकार श्रोता तयार करावा लागतो, आणि तो श्रोत्यांच्याच बैठकीत तयार होतो.

पहिली काही वर्षे विजयाची गेली. 1931 च्या ब्रुकलँड्सच्या 'डबल ट्वेल्व्ह' शर्यतीत पहिले पाचही क्रमांक एम.जी.चे. 1933 मध्ये इटलीच्या मिल्ले मिलियात संघाचे पारितोषिक, आणि त्याच वर्षी अल्स्टरमध्ये साक्षात ताझियो नुवोलारीने एम.जी. मॅग्नेट पळवून टूरिस्ट ट्रॉफी जिंकली.

मग 1935 चा उन्हाळा आला. तोवर एम.जी. ही नफिल्डची खाजगी मालमत्ता होती. ती त्याने आपल्याच मॉरिस मोटर्सला विकली. नव्या कारभाऱ्याने, लेनर्ड लॉर्डने, शर्यतींचे खाते एका फटक्यात बंद केले. ते खर्चाच्या हिशेबाने चूकही नसेल. पण दरबारात नवा दिवाण येतो, कलावंतखान्याचा जमाखर्च तपासतो, आणि काल ज्याच्या गाण्याला महाराज माना डोलवीत होते त्याला कळते की आपण एक बाब आहोत. किंबर कारखान्यातच राहिला, पण शेवटचा शब्द त्याचा उरला नाही.

महायुद्ध सुरू झाले, मोटारी बनणे थांबले. कामगार बसून राहू नयेत म्हणून किंबरने वरिष्ठांना न विचारता अल्बेमार्ल विमानाच्या पुढच्या भागाचे काम मिळविले. हा अधिक्षेप ठरला. 1941 मध्ये नफिल्डच्या संस्थेचा उपाध्यक्ष माइल्स टॉमस ॲबिंग्डनला आला आणि किंबरला राजीनामा द्यावा लागला. वीस वर्षांच्या चाकरीचा हा शेवट. कामगारांना पोसण्यासाठी काम आणणे हा ज्या दरबारात गुन्हा होतो, त्या दरबाराविषयी माझे मत चांगले नाही. मग तो किती का दानशूर धन्याचा असेना.

पुढे त्याने बाहेर नोकऱ्या केल्या. 4 फेब्रुवारी 1945 च्या रविवारी संध्याकाळी तो पिस्टनच्या कंपनीच्या कामासाठी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून पीटरबरोला निघाला. चढावरच्या बोगद्यात इंजिनाची चाके नुसतीच फिरू लागली, आणि अंधारात चालकाला उमगण्यापूर्वी गाडी हळूहळू मागे घसरत स्थानकाकडे आली. ती रिकाम्या फलाटाकडे वळविण्यासाठी सांधे बदलले गेले, पण क्षणभर उशिराने. शेवटचा डबा सिग्नलच्या खांबांवर आपटला. दोन माणसे दगावली, त्यांतला एक सेसिल किंबर. चढावर न थांबल्याबद्दल सुवर्णपदक मिळविणाऱ्या माणसाला आगगाडीने चढावरून मागे येऊन नेले. वय 56.

त्याच वर्षी ॲबिंग्डनहून 'टी सी' नावाची मिजेट निघू लागली. युद्धापूर्वीचीच घडण, किंबरचीच प्रमाणे. 1949 पर्यंत अशा सुमारे 10,000 झाल्या आणि कितीतरी समुद्रापार अमेरिकेला गेल्या. 1952 मध्ये कारखान्याची सूत्रे थॉर्नलीकडे आली, क्लबचा तोच जुना चिटणीस. ती 1969 पर्यंत त्याच्या हाती होती, आणि एम.जी.ए. व एम.जी.बी. या दोन्ही प्रसिद्ध गाड्या त्याच्या कारकीर्दीतल्या. ॲबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला, नाव या हातून त्या हाती गेले. क्लब मात्र वर्गणीवर चालत राहिला. ॲबिंग्डनलाच, सिमेट्री रोडवर, त्याची कचेरी आहे. तेथे बसून हौशी लोक 1930 च्या सुमाराच्या गाड्यांच्या नोंदी ठेवतात आणि पुढच्या सहलीच्या वाटा आखतात. त्या इमारतीला त्यांनी किंबर हाउस म्हटले आहे; नफिल्डचे नाव त्यांना सुचले नाही.