टेलस्टारचा जनक : जो मीक

जो मीक याला स्वरलिपी वाचता येत नसे. इंग्लंडमधील न्यूएंट गावी १९२९ साली जन्मलेला हा मुलगा हवाई दलात रडारचे काम शिकला. पुढे लंडनला, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील बिऱ्हाडातच त्याने ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला. कोणी जिन्यात वाजवी, कोणी न्हाणीघरात गाई! चाल तो गुणगुणून सांगे. १९६२ साली टेलस्टार उपग्रह आकाशात गेला. त्याच नावाची मीकची धून, क्लॅव्हियोलिन या विजेवरच्या वाद्यासह 'टोर्नाडोज'नी वाजवलेली, इंग्लंड-अमेरिकेत पहिली आली. पण एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला, रॉयल्टी अडकली. कर्जबाजारी, भ्रमिष्ट मीकने ३ फेब्रुवारी १९६७ रोजी घरमालकिणीला गोळी घातली (त्या बिचारीचा काय दोष?) आणि स्वतःलाही संपवले. दाव्याचा निकाल मीकच्या बाजूने लागला, तीन आठवड्यांनी.