अचूकतेचा ध्यास

मुलांनो, तिवशाहून अमरावतीला गेलात, तर एखाद्या वर्कशॉपात जरूर डोकावून पाहा. तेथे मिलिंग यंत्र दिसले, तर नीट लक्ष द्या. कटरचे दात एकामागून एक लोखंडावर आदळतात आणि त्याचा कीस निघतो. यंत्र डळमळीत असेल, तर ते थरथरते व लोखंडावर बारीक लाटा उमटतात. असे भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत. लोखंड खरोखर सपाट व्हावे, म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या जोसेफ व्हिटवर्थ यांची ही कथा आहे.

जोसेफ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. चौदाव्या वर्षी ते एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत लागले. पुढे गिरणीचा कारभारही त्यांच्या हाती आला असता. पण त्यांचे मन यंत्रांत रमले होते. सुखाची जागा सोडून ते मँचेस्टरला साधे कारागीर झाले. १८२५ साली ते लंडनला गेले आणि हेन्री मॉडस्ले या नामवंत यंत्रकाराकडे काम करू लागले.

त्या काळी लोखंडी प्लेट सपाट करण्यासाठी ती भुकटीने घासत. पण ती सपाट झाली, हे कसे ओळखावे? दुसऱ्या प्लेटवर ठेवून? येथेच फसगत होते. एक प्लेट फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली, तरी त्या एकमेकींवर चपखल बसतात! म्हणून जोसेफ तीन प्लेटी घेत. एकीला रंग लावून ती दुसरीवर टेकवत. जेथे रंग लागे, तेथे उंचवटा. तो ते हाताने खरवडून काढत. मग जोड्या बदलत. तिन्ही प्लेटी आपसांत जुळल्या, तरच त्या सपाट! १८४० साली ग्लासगो येथे त्यांनी ही रीत विद्वानांसमोर मांडली.

त्याआधी, १८३३ साली, त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला होता. तेथील यंत्रांचे सांगाडे पेटीसारखे पोकळ, पण भक्कम असत. त्यामुळे थरथर कमी होई व काम अचूक उतरे. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. १८४१ साली जोसेफ यांनी सर्वांसाठी एकच माप सुचवले. इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारे यंत्रही त्यांनी बनवले.

मँचेस्टर हे सूतगिरण्यांचे शहर. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, तेथे आपल्या वऱ्हाडच्या कापसाची मागणी वाढली होती. आपल्या शेतातला कापूस आणि जोसेफ यांची यंत्रविद्या यांचे नाते असे जुने आहे.

१८६८ साली जोसेफ यांनी होतकरू तरुण कारागिरांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, दोघांचे जुळले म्हणजे ते बरोबरच असते, असे नाही. दोघांची चूक एकसारखी असू शकते. अशा वेळी तिसरी प्लेट आठवा!

शब्दार्थ
ध्यास – सतत लागलेली ओढ
चपखल – अगदी बरोबर बसणारे
आटे – स्क्रूवरील फिरत्या खाचा
होतकरू – पुढे नाव काढील असा

स्वाध्याय
१. यंत्र थरथरले, तर लोखंडावर काय परिणाम होतो?
२. जोसेफ दोनऐवजी तीन प्लेटी का घेत?
३. सर्व कारखान्यांचे आटे एकाच मापाचे असल्यास कोणता फायदा होतो?