पंडिता रमाबाई व सार्वकालिक जीवनाची आशा

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता व त्यांचे परोपकार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मरण त्यांच्या घरी किती वेळा आले, व त्यास त्यांनी कसे तोंड दिले, याचा विचार आम्ही आज करू इच्छितो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोक्षप्राप्तीसाठी सहकुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगून निर्वाह चालवीत. पुढे दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही मरण पावली. आईचे प्रेत वाहून नेण्यास माणसे पुरेना. दोन ब्राह्मणांनी साहाय्य केले, व चौथा खांदा रमाबाईंनी दिला. त्या उंचीने ठेंगण्या असल्यामुळे त्यांना तो भार मस्तकावर घ्यावा लागला. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी पटकीने वारले. तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या, व पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, व पुढे इंग्लंडास गेल्या. तेथे १८८३ साली माता व कन्या या दोघींचा बाप्तिस्मा झाला. तथापि त्यांच्या जिवाला लागलीच शांती लाभली नाही. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नाही, असे त्यांस पुढे कळून आले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांनी आपला सर्व भार प्रभूवर टाकला, व तेव्हा त्यांस तारणाची खातरी झाली. तोपर्यंत त्यांचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आले होते. वाचकहो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. मंडळीच्या वहीत नाव असणे निराळे, व मरणापलीकडे मला धरणारा हात आहे अशी खातरी असणे निराळे.

ही आशा प्राप्त झाल्यावर त्या स्वर्गाकडे डोळे लावून स्वस्थ बसल्या काय? मुळीच नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, व भुकेने मरणाऱ्या शेकडो मुलींस घेऊन आल्या. लहानपणी दुष्काळात आपले आईबाप गमावलेली ती स्त्री आता परक्यांच्या लेकरांची आई झाली. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. ते कार्य आजही चालू आहे. खेड्यांतील साध्या स्त्रियांस कळावे म्हणून त्यांनी उतारवयात मूळ इब्री व ग्रीक भाषांतून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले.

अखेरची परीक्षा सर्वांत कठीण होती. आईचा उजवा हात बनलेली मनोरमा १८२१ नव्हे, तर आईच्या उतारवयात, १९२१ साली मिरजेस प्रभूमध्ये झोपी गेली. तिचे वय चाळीस वर्षांचे होते. वृद्ध मातेचे अंतःकरण विदीर्ण झाले असेल यात संशय नाही. तरी त्यांनी हातातील लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतराचे काम त्यांनी पुढे चालविले. ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूने त्यांसही बोलाविले.

बंधुभगिनींनो, आपल्या गावी कोणी मरण पावले म्हणजे शेजारी आपणांकडे पाहतात. रडणे हे पाप नव्हे. प्रभूही लाजराच्या कबरेजवळ रडला. परंतु ज्यांस आशा नाही त्यांच्याप्रमाणे आपण रडू नये. उपदेशक बंधूंनो, कबरेपाशी पुनरुत्थानाची गोष्ट स्पष्ट सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरच्या पोरक्या मुलांच्या भाकरीची चौकशी करा. रमाबाईंच्या जीवनात ही दोन्ही कामे एकच होती. तीच आशा देव आपणां सर्वांस देवो.