विश्लेषण : डार्विनची आयुष्यभराची सोबत शंख-शिंपल्यांशी, समुद्री शेवाळाच्या जंगलात त्याला काय दिसले?

धारूर : २०२२ च्या खरिपात बीड, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. धारूरपासून समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरीही ही गोगलगाय मूळच्या समुद्री कुळातलीच. कालवे, शिंपले, माकूळ आणि गोगलगाय हे सगळे ‘मृदुकाय’, म्हणजे मऊ अंगाचे प्राणी. डार्विन म्हटले की आपल्याला माकड आठवते. पण या माणसाच्या अभ्यासाची सुरुवात आणि शेवट याच प्राण्यांच्या सोबतीत झाला.

डॉक्टर व्हायला गेला, किनाऱ्यावर का रमला?

चार्ल्स डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील डॉक्टर, त्यांनी १८२५ मध्ये मुलाला वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोला पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रिया पाहून तो पळून आला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. त्याऐवजी प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रांटबरोबर तो थंडगार किनाऱ्यावर फिरू लागला, कालवे पकडणाऱ्या कोळ्यांच्या होडीतून जाऊ लागला. जाळ्यात येणाऱ्या कालवांच्या शिंपल्यांवर काळे गोळे दिसत. लोक त्यांना कोवळे समुद्री शेवाळ समजत. ती समुद्री जळवेची अंडी असल्याचे डार्विनने ओळखले. मार्च १८२७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने हे विद्यार्थ्यांच्या सभेत मांडले. मात्र तीन दिवस आधीच ग्रांटने दुसऱ्या सभेत ते जाहीर करून टाकले होते.

शेवाळाच्या जंगलात काय होते?

डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून तो जगाच्या प्रवासाला निघाला. १८३४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा डेल फ्युगोच्या थंड पाण्यात त्याने ‘केल्प’ हे महाकाय शेवाळ पाहिले. हे खडकाला मुळांसारख्या पकडीने चिकटते आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढते. उंच झाडांच्या जंगलासारखेच त्याचे मजले असतात. तळाच्या गुंत्यात शिंपले लपतात, पानांवर टोपीसारखे आणि भोवऱ्यासारखे शंख, तसेच शंख नसलेल्या गोगलगायी चिकटून राहतात. केल्पमुळे लाटांचा जोर ओसरतो, आसरा मिळतो आणि अन्नही. डार्विनने ती मुळे उपटून झटकली, तेव्हा शंख, माकूळ, खेकडे, तारामासे, छोटे मासे यांचा ढीग पडला. दर वेळी काही तरी नवे सापडे.

यावरून त्याने महत्त्वाचा निष्कर्ष काढला. जमिनीवरचे जंगल तोडले तर जितक्या प्रजाती नष्ट होतील, त्याहून कितीतरी अधिक केल्प गेल्यास नष्ट होतील. आधी मासे, मग त्यांच्यावर जगणारे पाणकावळे, पाणमांजरे, सील आणि शेवटी तिथली माणसेही. अन्नसाखळी हा शब्द रूढ होण्याआधीचे हे निरीक्षण आहे.

एका शंखापायी आठ वर्षे?

जानेवारी १८३५ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर त्याला एका शंखाच्या कवचात बारीक भोके दिसली. आत टाचणीच्या टोकाएवढा बार्नेकल होता. कवचामुळे बार्नेकलला पूर्वी मृदुकायच मानत. तो खेकड्याच्या गटातला असल्याचे १८३० मध्ये कळले होते. हा चिलीचा जीव नेमका कुठे बसवायचा, हे ठरवण्यासाठी डार्विनने १८४६ मध्ये काम सुरू केले आणि त्यात आठ वर्षे गेली. त्याच काळात, १८५१ मध्ये, त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी वारली. काम थांबले नाही. एकाच गटातले जीव एकमेकांपासून किती बारीक फरकाने वेगळे असतात, हे त्याला इथेच उमगले.

गोगलगाय इतकी दूर पोहोचते कशी?

हा प्रश्न त्याने घरीच सोडवला. बदकाचे पाय मत्स्यपेटीत टांगले, तेव्हा गोड्या पाण्यातील गोगलगायींची पिल्ले त्यांना घट्ट चिकटली आणि दमट हवेत १२ ते २० तास जगली. तेवढ्या वेळात बदक सुमारे हजार किलोमीटर उडू शकते, असा त्याचा हिशेब होता. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये हा प्रयोग आहे.

शेवटचा लेखही शिंपल्यावरच. पाणभुंग्याच्या पायाला चिकटलेला छोटा शिंपला वॉल्टर क्रिक यांनी त्याला पाठवला होता. तो लेख ६ एप्रिल १८८२ रोजी ‘नेचर’मध्ये आला आणि १९ एप्रिलला डार्विनचे निधन झाले. डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक हे याच वॉल्टर यांचे नातू.

आज याचे महत्त्व काय?

२०१४ नंतर समुद्र तापल्याने आणि तारामासे रोगाने मेल्याने उत्तर कॅलिफोर्नियात शेवाळ खाणारे काटेरी सी-अर्चिन बेसुमार वाढले. तिथले ९० टक्क्यांहून अधिक केल्प नाहीसे झाले. केल्पवर जगणारे अबलोन हे मोठे शंख उपासमारीने मेले आणि २०१८ पासून ते पकडण्यावर बंदी आली. डार्विनने १८३४ मध्ये जे होईल म्हटले होते, त्याची सुरुवात तिथे झाली आहे.