भिंतीचे गणित मांडणारे डॉ. होमी भाभा

इंदूर हे शहर २००० सालापर्यंत आपल्या रायपूरच्याच राज्यात होते. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हा कणत्वरक आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. म्हणून त्याच्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंती आहेत. अशी भिंत किती जाड असावी, हे ठरवण्याचा सैद्धान्तिक पाया ज्यांनी घातला, त्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा हे अग्रणी होत.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने केंब्रिजला अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. वडिलांचा मान राखून त्यांनी १९३० मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात दिली आणि मगच आपली वाट धरली.

१९३७ मध्ये वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. अतिवेगवान इलेक्ट्रॉन शिशासारख्या पदार्थात शिरला की अणुकेंद्राजवळ त्याची ऊर्जा घटते आणि गामा किरण बाहेर पडतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते आणि ती पुन्हा नवे किरण सोडते. कण वाढत जातात, प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा घटत जाते आणि अखेरीस हा प्रपात विरतो. याचाच अर्थ असा की, पातळ आडोसा कणांची संख्या घटवण्याऐवजी वाढवूही शकतो. संरक्षण हवे तर प्रपात आत विरेल एवढी जाडी हवी. अवकाशातून येणारे किरण समजून घेण्यासाठी केलेले हे गणित पुढे त्वरकांच्या भिंतींनाही उपयोगी पडले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि त्यांचा मुक्काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पडला. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली आणि १९५४ मध्ये तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्राचा आरंभ झाला. तेथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ मध्ये कार्यान्वित झाली. पाण्याने भरलेल्या हौदात तिचा गाभा असे. ते पाणीच माणसांचे कवच होते. १९६० मध्ये भाभांनी लेखी आदेश काढला : किरणोत्सर्गी पदार्थ असे हाताळावेत की कर्मचाऱ्यांना वा अन्य कोणालाही इजा पोहोचू नये आणि देशातील इतर संस्थांनीही तोच कित्ता गिरवावा.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर झालेल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते.

आज कर्करोगाच्या रुग्णालयात लिनॅक यंत्राच्या खोलीबाहेर नातेवाईक बाकावर बसलेले असतात. आतला किरण भिंत ओलांडणार नाही, याचा हिशेब कोणीतरी आधीच केलेला असतो. आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलामुलींनी भाभांची बुद्धिमत्ता अवश्य आठवावी; इतरांच्या जिवाची त्यांनी वाहिलेली ही काळजीही तितक्याच आदराने आठवावी.