बिशप केटलर : श्रमिकांचे कैवारी

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचें व दानधर्माचें स्मरण होणें उचितच आहे. परंतु दानापूर्वीं न्याय आला पाहिजे, ही शिकवण ज्यांनीं आपल्या आयुष्यानें दिली, अशा एका थोर धर्मगुरूचें चरित्र आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्हेल्म एमान्युएल फॉन केटलर यांचा जन्म २५ डिसेंबर १८११ रोजीं, नाताळच्या दिवशीं, जर्मनींतील म्युन्स्टर शहरीं एका उमराव घराण्यांत झाला. तरुणपणीं त्यांचा स्वभाव मोठा तापट. विद्यार्थीदशेंत एका द्वंद्वयुद्धांत त्यांच्या नाकाचा शेंडा तुटला होता. कायद्याचा अभ्यास करून ते प्रशियाच्या सरकारी नोकरींत शिरले. १८३७ सालीं सरकारनें कोलोनच्या आर्चबिशपांस कैद केलें, तेव्हां अशा सरकारची चाकरी त्यांच्या विवेकास रुचेना. ती सोडून त्यांनीं १८४४ सालीं गुरुदीक्षा घेतली.

१८४६ सालीं ते होप्स्टेन या खेड्याचे धर्मगुरु झाले. तेथें दुष्काळ पडला व पाठोपाठ तापाची साथ आली. केटलर यांनीं भुकेलेल्यांसाठीं धान्य मिळविलें आणि रोग्यांची शुश्रूषा स्वतः केली. १८४८ सालीं त्या भागांतील लोकांनीं त्यांस फ्रांकफुर्ट येथील जर्मन राष्ट्रसभेवर निवडून दिलें. त्याच वर्षीं आगमनकाळांत त्यांनीं माइन्झच्या कॅथीड्रलमध्यें सहा प्रवचनें दिलीं. संपत्तीचा खरा धनी परमेश्वर असून मनुष्य केवळ कारभारी होय, व तिचें फळ सर्वांच्या गरजेसाठीं आहे, असें संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारें त्यांनीं प्रतिपादिलें. १८४९ च्या आरंभीं त्यांनीं राष्ट्रसभेची जागा सोडली. १८५० सालीं ते माइन्झचे बिशप झाले.

आरंभीं त्यांची समजूत अशी होती कीं, अंतःकरणें पालटलीं व दानधर्म वाढला म्हणजे दारिद्र्य हटेल. परंतु मजुरी बाजारांतील मालाप्रमाणें ठरते, तोंवर भिक्षेनें कामगाराचें घर चालत नाहीं, हें त्यांस पुढें दिसून आलें. १८६४ सालीं कामगारांचा प्रश्न व ख्रिस्ती धर्म या विषयावर त्यांनीं ग्रंथ लिहिला, व कामगारांच्याच मालकीचीं सहकारी उत्पादक मंडळें सुचविलीं. यासंबंधीं समाजवादी पुढारी लासाल यांचाही सल्ला त्यांनीं आपलें नांव न कळवितां विचारला. धनिक ख्रिस्ती लोक या मंडळांस भांडवल पुरवितील, ही त्यांची आशा मात्र सफळ झाली नाहीं.

तेव्हां त्यांनीं कामगारांची संघटना व सरकारी कायदा यांवर भर दिला. १८६९ सालीं ओफेनबाखजवळ हजारों कामगारांपुढें बोलतांना त्यांनीं वाढीव मजुरी, कामाचे कमी तास, विसाव्याचा दिवस व मुलांची कारखान्यांतून मुक्तता या मागण्या न्याय्य ठरविल्या. त्याच सालीं फुल्डा येथें जमलेल्या बिशपांपुढें, धर्मगुरूंनीं हा प्रश्न अभ्यासावा, असा अहवाल ठेवला.

१८७१ सालीं ते पुनः निवडून आले, यावेळीं जर्मन साम्राज्याच्या संसदेवर; परंतु १८७२ सालीं तीही जागा त्यांनीं सोडली. सल्ला देण्याचें कार्य मात्र थांबलें नाहीं. १८७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या राजकीय कार्यक्रमांत त्यांनीं बालमजुरीस बंदी, रविवारची सुटी व कारखान्यांवर सरकारी तपासनीस यांची मागणी केली. १८७७ सालीं त्यांचे भाचे फर्डिनांड फॉन गालेन यांनीं कामगार-संरक्षणाचा ठराव संसदेंत मांडला. तो संमत झाला नाहीं. त्याच वर्षीं पोप नववे पायस यांच्या बिशपपदाच्या सुवर्ण ज्युबिलीहून परततांना, १३ जुलै रोजीं, बवेरियांतील बुर्गहाउझेन येथें केटलर प्रभूच्या घरीं गेले. चौदा वर्षांनीं, १८९१ सालीं, पोप तेरावे लिओ यांनीं रेरूम नोव्हारूम या परिपत्रकांत कामगाराचा न्याय्य मजुरीचा हक्क साऱ्या जगापुढें मांडला. ती वाट केटलर यांनीं आधींच चोखाळलेली होती.

दानपेटींत टाकलेलें नाणें परमेश्वरास प्रिय आहेच. परंतु आपल्या वाडींत, शेतांत व घरांत राबणाऱ्या माणसास पुरेशी मजुरी वेळेवर देणें, हें त्याच्याही आधींचें कर्तव्य होय. ज्युबिलीच्या देणग्यांची यादी वाचतांना प्रत्येकानें हाही हिशेब एकदां तपासून पाहावा, अशी आमची विनंती आहे. तशी सुबुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.