राजा रामचंद्रदेव यादव

चौऱ्यांशीच्या लेखाला पाठ लागली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, ही श्रद्धा पंढरीच्या वारकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. विठ्ठलमंदिरातल्या त्या शिळेवर शके ११९५ ते ११९९ या काळात देवाला दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत साधी माणसे आहेत, हेमाद्री पंडित आहे आणि एक राजाही आहे. त्याला तिथे पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटले आहे. तो देवगिरीचा रामचंद्रदेव यादव. शके १२१२ त, म्हणजे सन १२९० त, नेवाशास ज्ञानेश्वरी पुरी झाली, तेव्हा माउलींनी अखेरीस ज्याच्या न्यायाचा उल्लेख केला, तोच हा राजा.

पण भाविकहो, राज्यपद म्हटले की भाऊबंदकी आलीच. रामचंद्राचा बाप कृष्णदेव वारला तेव्हा गादी चुलता महादेव याच्याकडे गेली. १२७१ त महादेव गेला आणि त्याचा मुलगा आमणदेव गादीवर बसला. रामचंद्राला ते कसं सोसावं? त्याची माणसं नाटक्यांच्या वेषाने देवगिरीत शिरली, खेळ रंगात आला आणि तिथंच आमणदेव पकडला गेला. पुढे त्याचे डोळे काढले, असे महानुभावांच्या ग्रंथांत आहे.

घरचा दावेदार गेला, तरी शेजारी होतेच. पूर्वेला ओरुगल्लूचे काकतीय, दक्षिणेला द्वारसमुद्राचे होयसळ. तुंगभद्रेकडच्या मुलखासाठी यादव आणि होयसळ पिढ्यान्‌पिढ्या लढत होते. १२७६ त रामचंद्राचा सेनापती साळुव टिक्कम थेट द्वारसमुद्रापर्यंत गेला, पण ते घेता न येता लूट घेऊन मागे फिरला. नवल असे की, होयसळ सोमेश्वराचा १२३७ सालचा दानाचा लेखही पंढरीच्या याच देवळात आहे. दोघांचा देव एक, आणि भांडण मात्र जमिनीचे!

१२९६ त अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन एकाएकी देवगिरीवर आला. राजपुत्र शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर होता. किल्ल्यात धान्याची म्हणून भरलेली पोती उघडली तर आत मीठ निघाले, असे फारसी तवारिखांत लिहिले आहे. शंकरदेव परतून लढला, पण हरला. शेजारचा एकही राजा मदतीला आला नाही. येणार कसा? कालपर्यंत त्याच्याच मुलखावर डोळा होता! अपार सोने आणि अचलपूर प्रांताचा वसूल देऊन राजाने सुटका करून घेतली.

पुढे खंडणी थकली. १३०८ च्या सुमारास मलिक काफूर राजाला धरून दिल्लीस घेऊन गेला. तिथे मात्र त्याला मान मिळाला, राय रायान हा किताब मिळाला आणि राज्यही परत मिळाले. या मानाची किंमत लौकरच कळली. १३०९ त काफूर ओरुगल्लूवर निघाला, तेव्हा त्याच्या फौजेची सोय रामचंद्राने केली. १३११ त तो द्वारसमुद्रावर निघाला, तेव्हा वाट दाखवायला यादवांचीच माणसे होती. जे द्वारसमुद्र टिक्कमाला घेता आले नाही, त्याचा राजा वीरबल्लाळ आता काफूरला शरण आला. तो तरी काय करत होता? पांड्य भावांच्या भांडणात हात मारायला दक्षिणेत गेला होता!

त्याच सुमारास रामचंद्र वारला. शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि तो मारला गेला. १३१८ त जावई हरपाळदेवाचे हालहाल झाले आणि देवगिरीचे राज्य बुडाले. १३२३ त ओरुगल्लू पडले. पुढे वीस-पंचवीस वर्षांत होयसळही संपले.

या राजाला नुसता थोर म्हणून चालणार नाही आणि नुसता दुबळा म्हणूनही नाही. त्याच्या राज्यात मराठी वाणी फुलली, पंढरीला आधार मिळाला, हे खरेच. पण शेजाऱ्याला वैरी मानण्याची जी रीत चारही घराण्यांनी पाळली, तिनेच चारही घराणी गेली. ज्या मुलखासाठी एवढे रक्त सांडले, तो कोणाचाच राहिला नाही. उरले ते देवाच्या पायी दिलेले दान. पंढरीच्या दगडावर राजाचे नाव आहे ते चार साध्या माणसांच्या नावांबरोबर, आणि त्याच्या शत्रूचा लेखही त्याच देवळात आहे. पुढच्या वारीत तो लेख पाहाल, तेव्हा एवढे आठवावे.